खाऱ्या बोअरचा बर्फ

नीलम मॅडमनं बर्फ आनला त्या दिवशी मी शाळेच्या शेडीत खिचडीचे कांदे कापत होती. मार्चचा शेवटला आठवडा, सकाळची शाळा, अन् साडेसातलेच टिन असं तापलेलं का हात लावाची सोय नाई. मॅडम अमरावतीहून येते, राजापेठेतून, स्कुटीवर. मांगच्या सीटवर दोरीनं बांधलेला बारदाना, बारदान्यात भुसा अन् भुशात बर्फाची लादी. अर्धी लादी रस्त्यानंच वाहून गेली होती. मॅडमची कुर्ती मांगून ओलीचिंब.

"सुंदराबाई, जरा धरा हो!"

धरलं. बाप्पा! बारदान्यातून बी बोटं बधिर झाले.

मी शाळेत पोषण आहार शिजवते, सहा वर्षांपासून. माही पोरगी दीक्षा त्याच शाळेत सहावीत हाये. शेड वर्गाले लागून हाये, मधात नुसती जाळीची खिडकी. मॅडम पोरायले जे शिकवते थे सारं मले फुकटात ऐकू येते. मी सातवी नापास, पन त्या खिडकीतून निम्मा भूगोल झाला माहा.

मॅडमनं लादी परातीत ठेवली अन् एकेका पोराले एक एक मिनिट हात ठेवाले लावला. कोनी ओरडे, कोनी हात काखेत दाबे. मंग मॅडम सांगाले लागली. पृथ्वीच्या वरच्या टोकाले अन् खालच्या टोकाले निरा बर्फच हाये, कोसच्या कोस. सहा महिने सूर्य बुडत नाई अन् सहा महिने निंघत नाई. मी मनात म्हटलं, मंग तिथल्या बाईनं सैपाक कवा करावा अन् निजावं कवा? तवा मॅडम म्हने, खालच्या टोकाले गावच नाईत, नुसते अभ्यास करनारे लोकं राहतात, आपल्या देशाचे बी. वरच्या टोकाकडं मात्र बाया-लेकरं सारे हायेत. बरं म्हटलं.

मंग जहाजाची गोष्ट निंघाली. जुन्या काळी ध्रुव शोधाले गेलेलं जहाज बर्फात अडकलं. महिनोन् महिने हाललं नाई. लोकं खाली उतरले, घसरगाड्या ओढत निंघाले, कोनाचे पायाचे बोटं काळे पडून गळाले. मले त्या लोकायचा रागच आला. कावून गेले होते तथी? कोनी बलावलं होतं? घरी त्यायच्या बायका दाराकडं डोळे लावून बसल्या असतीन, थे कोनी लिहून ठेवलं का?

तेवढ्यात दीक्षाचा आवाज आला. "मॅडम, समुद्राचं पानी तर खारं असते. मंग थे लोकं पेत काय होते?"

"शाब्बास!" मॅडम खुश झाली. "समुद्राचं पाणी गोठायला लागलं की मीठ बाहेर पडायला लागतं. नवा बर्फ थोडा खारट लागतो, पण वर्ष-दोन वर्षं जुना झाला, की उरलेलं मीठही खाली झिरपून जातं. तो जुना बर्फ वितळवून प्यायचे ते. गोड पाणी!"

पोरं एकामेकाकडं पाहाले लागले. आमचं गाव भातकुलीकडचं, खारपान पट्ट्यातलं. बोअरचं पानी तोंडात धरवत नाई, साबनाले फेस येत नाई, डाळ दोन घंटे शिजवा तरी टनटन वाजते. गोडं पानी नळाले आठ दिवसाआड येते. गावात किडनीचे सहा बिमार हायेत अन् त्यातला एक आमच्या घरी. त्या पोरायले खाऱ्या पान्याचं गोड पानी होते म्हनून सांगनं म्हंजे काय, थे मॅडमले कसं समजावं?

"अन् आपल्या बोअरचं पानी गोठवलं तर?" दीक्षानं इचारलं.

मॅडम हासली. "करून बघ की! प्रयोग कर आणि मला सांग."

मी बी हासली. खोटं कावून बोलू? माही पोरगी मॅडमले असे सवाल करते म्हनून मले गुदगुल्या झाल्या. फोडनीत जिरं जरा जास्तच पडलं.

दीक्षाचे बाबा, देवमन, आंधी ट्रॅक्टर चालवत. अंगानं असे का दोन पोते एका दमात उचलत. दोन वर्षांपासून किडन्या गेल्या. सोमवारी अन् गुरुवारी अमरावतीले मोठ्या दवाखान्यात मशीनवर टाकतात, चार घंटे. गुरुवारी थे एकटे जातात. सोमवारी मी संग जाते, तवा खिचडी माही जाऊ शिजवते. त्यायले लघवी होतच नाई म्हना ना, म्हनून पेलेलं सारं अंगातच राहते. दिवसभऱ्याचं पानी पाऊन लिटर. चहा त्यातच, वरन त्यातच, गोळ्या गिळाचा घोट बी त्यातच. मी सकाळी बाटली भरून देत होती अन् सांजच्याले पाहत होती.

एप्रिल लागला. पारा बेचाळीसवर गेला. शाळेतले खिचडीचे गंज-भांडे घासून झाले का मी बाराले वावरात जाय, कापसाच्या पऱ्हाट्या उपटाले. पऱ्हाटी ओढू ओढू तळहाताले फोडं आलेले. सांजच्याले मोळी घेऊन घरी येत होती. तवरक बाप-लेक घरी दोघंच. दीक्षा त्यायले धडा वाचून दाखवे, थे बाजेवर पडून ऐकत. मले वाटे, बरं हाये, पोरगी बापाजवळ बसते.

त्या एप्रिलातल्या दुसऱ्या सोमवारी मशीनवर घ्याच्या आंधी वजन केलं, तं मशीनवाल्या पोरानं काट्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"साडेचार किलो? बाई, साडेचार किलो पानी हाये अंगात! दोन-अडीचच्या वर नाई पायजे. घरी काय हौदात सोडता का यायले?"

लाइनीतले लोकं हासले. माहे कान तापले. मी म्हटलं, "साहेब, मोजून देते. घोटभर जास्त देत नाई."

"मंग काय हवेतून येते का? असं चालू राहिलं तं एक दिवस पानी छातीत भरीन. मंग धावत याल."

येसटीत मी त्यायच्या जवळ बसली अन् सुरू झाली. "माठातलं पेता का तुमी?"

"नाई."

"नळावर जाऊन पेता?"

"नाई म्हटलं ना."

"खा पोरीची शपत."

थे खिडकीतून बाहेर पाहत राहिले. शपत खाल्ली नाई. मले जे समजाचं थे मी समजली. बाटलीतलं पेऊन वरून माठातलं चोरते हा मानूस, दुसरं काय?

दुसऱ्या दिवसापासून मी घरातले पेले, गडवे, वाट्या सारे पेटीत घातले अन् कुलूप लावलं. माठावर कोळशानं रेघ मारली. चाबी कमरेले लावून वावरात गेली. बेचाळीस वर्षांचा मानूस, स्वताच्या घरात प्याले पेला नाई. त्यायनं पेटीकडं पाह्यलं अन् बाजेवर जाऊन पडले. आंग धुताना चूळ भरत तवा मी समोर उभी राहो, गळ्याची घोटी हालते का पाहाले. शेजारची मनकर्णाबाई, थे भाजी विकते बाजारात, थे एक डाव म्हने, "सुंदरे, मानसाले असं कोंडवाड्यातल्या ढोरावानी ठेवते का कोनी?" मी म्हटलं, "तुह्या घरचा मानूस मशीनवर जाईन तवा सांगजो मले." बोलून गेली अन् जीभ चावली. पन मांगं घेतलं नाई.

माठाची रेघ काही हालली नाई. अन् पाय सुजतच राहिले. पायाच्या नळीवर बोट दाबलं का खड्डा पडे अन् तसाच राहे. गुरुवारी वजन पुन्हा वाढलेलं. सोमवारी पुन्हा. मशीनवाल्यानं माह्याशी बोलनंच सोडलं, नुसती मान हालवे. वावरात पऱ्हाटी धरली का वाटे, आता कोनी बलावाले येते. बांधावर कोनी मानूस दिसला का हात सुटून जाय.

कुठून येत होतं पानी? मी बरबटीच्या भाजीतला रस्सा मोजला. कांदा बंद केला, टरबूज तं घरात येऊच दिलं नाई. कुठून येत होतं?

तिसऱ्या आठवड्यात शनवारी शाळेत केंद्रप्रमुख येनार होते, खुशालराव साहेब. मॅडमनं पोरायकडून ध्रुवाचं प्रदर्शन करून घेतलं होतं. फळ्याखाली दोन टेबलं जोडून त्यावर पोरायनं घरून आनलेला कापूस पसरला, थो बर्फ. पुठ्ठ्याचं जहाज कापसात रुतवलं. साहेबासाठी मी चहा ठेवला अन् खिचडी ढवळत खिडकीतून पाहत होती.

सकाळपासून माहं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दीक्षाचे बाबा रातभर निजले नव्हते, बसूनच होते. आडवं झालं का दम कोंडते म्हनत. मले म्हने, गर्मी हाये, जा तू शाळेत, साहेब येनार हाये. मी गेली. कावून गेली? थे आज बी मले सांगता येत नाई.

पोरं एकेक करून बोलले. कोनी पांढऱ्या अस्वलावर, कोनी पेंग्विनवर. मंग दीक्षा पुढं आली. दोन येन्या, तेल चोपडलेलं, अन् पुस्तकातल्या भाषेत बोलाले लागली.

"आमच्या गावातल्या बोअरचं पाणी खारं आहे. मी ते स्टीलच्या डब्यात भरून मनकर्णाकाकूच्या फ्रिजमध्ये ठेवलं. अर्धं गोठल्यावर उरलेलं पाणी फेकून दिलं, कारण मीठ त्यात राहतं. मग बर्फ धुतला आणि आठ दिवस तसाच ठेवला, जुना होण्यासाठी. चाखून पाहिला. खारटपणा खूप कमी झाला होता."

"अरे वा वा!" खुशालराव साहेब खुर्चीत सरसावून बसले. "मग त्या बर्फाचं काय केलं बेटा?"

दीक्षा लाजली. पुस्तकातली भाषा तिथंच सुटली. "माह्या बाबाले देते. रोज दुपारी दोन डबे. त्यायची किडनी खाऱ्या पान्यानं गेली ना. गोडं पानी आई मोजून देते, पन बर्फ काही पानी नसते, म्हनून थो मोजाचा नाई. थे चोखतात. त्यायले लय थंडं वाटते."

साहेबानं टाळ्या वाजवल्या. सारा वर्ग वाजवाले लागला. एकट्या मॅडमचे हात उचलले नाईत. तिनं खिडकीकडं पाह्यलं, माह्याकडं. तिचा चेहरा पाहूनच मले समजलं का आपन जे ऐकलं थे खरं हाये.

मी झारा टाकला अन् पळाली. चपला शेडीतच राहिल्या. मांगून दीक्षा पळत आली, "आई, काय झालं? आई!" करत.

दीक्षाचे बाबा बाजेवर पाय खाली सोडून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर रोवलेले. दम घेताना अंदर बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. व्हट निळे. अंगावरचं बनियान घामानं भिजलेलं.

"काय झालं बाबा?" दीक्षानं इचारलं, अन् मी तिच्या कानशिलात अशी दिली का थे भितीले जाऊन आदळली.

"काय पाजलं तू बापाले? काय पाजलं?"

"बर्फ... आई, गोड बर्फ होता..."

दीक्षाच्या बाबानं एक हात वर केला. बोलाले दम नव्हता, नुसता हात केला, मले थांबवाले. माहा दुसरा हात हवेतच राहिला.

मॅडम अन् खुशालराव साहेब गाडी घेऊन आले. साहेबानं मांगच्या सीटवर आंधी टॉवेल टाकला. कावून टाकला, थे इचाराची वेळ नव्हती. दीक्षाच्या बाबाले आमी मधात बसवलं, एका बाजूनं मी, एका बाजूनं दीक्षा. मॅडम समोर बसली. तिच्या हातात फोन, दवाखान्यात कोनाले तरी सांगत होती.

रस्ता सरता सरेना. मले एकच भेव होता, अन् थो सांगाची लाज वाटते. मले वाटत होतं, हा मानूस आता या गाडीत गेला तं पोरगी जन्मभर काय म्हनून जगीन? मानूस जाईन याचं दुख एकीकडं, अन् पोरीच्या हातानं गेला हे एकीकडं. दीक्षा रडत नव्हती. बापाचा हात धरून त्याच्या तोंडाकडं पाहत होती, डोळे न मिटता.

अर्ध्या रस्त्यावर थे बोलले. एकेक शब्द, मधात दम.

"मले... माईत होतं."

"काय?"

"बर्फ... पानीच असते. मी का... अडानी हाव?"

माह्या अंगाचा भडका झाला. "माईत होतं? अन् खाल्ला? मी माठाले कुलूप लावाची बाकी ठेवली, गावाचे बोल खाल्ले, अन् तुमाले माईत होतं?"

"तहान... सुंदरे. तुले नाई समजाचं." थे थांबले. "अन् इनं... आठ दिवस राखून... केला होता."

"म्हनून पोरीच्या हातानं मराले निंघाले! उद्या हिनं काय करावं, थे आलं का डोक्यात?"

त्यायनं दीक्षाकडं पाह्यलं. थे तवा त्यायच्या ध्यानात आलं, मी पाह्यलं थे. चेहराच उतरला.

दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं तोंडाले ऑक्सिजन लावला अन् इचारलं, "पाणी किती झालं? खरं सांगा."

मी काही बोलाच्या आंधी दीक्षा पुढं सरकली. "मी बर्फ..."

दीक्षाच्या बाबानं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "हे पोरगी नाई. मी." डॉक्टरीनबाई मास्क लावाले गेली तं त्यायनं तिचा हात धरला. "पोरीले माईत नव्हतं. मले माईत होतं. मी मांगून घेतला. लिहा तसं."

"लिहिते, लिहिते. आधी मास्क लावा."

मशीन चालू झाली. आमी बाहेर बाकावर बसलो, दुपारची वेळ, पंखा घरघर करत होता. खुशालराव साहेब गेले. मॅडम गेली नाई. माह्याजवळ सरकून म्हने, "सुंदराबाई, माझं चुकलं. मी तिला म्हटलं होतं, करून बघ म्हणून. घरात काय आहे ते मला माहीत होतं. मी विचारच केला नाही."

"हाव, चुकलं," मी म्हटलं. राग होताच, कावून लपवू? मंग म्हटलं, "अन् मी बी खिडकीत उभी होती मॅडम. मी बी हासली होती."

चार घंट्यांनी दार उघडलं. साडेतीन लिटर काढलं म्हने. थे आडवे निजले होते, उशीवर डोकं टेकून. व्हटाचा निळेपना गेला होता. मी भितीले टेकली अन् तथीच खाली बसली.

तिसऱ्या दिवशी घरी आनलं. पन घरात दीक्षा वेगळीच झाली होती. माठाजवळ जाय ना, गडव्याले हात लावे ना. शाळेतून आली का दारातच बसे. पोरगी स्वता बी पानी पेत नव्हती, हे मले दुसऱ्या दिवशी समजलं, तिचे व्हट फाटले तवा. मी जवळ घेतलं, दटावलं, मनकर्णाबाईनं लाडू दिला. काही नाई. मॅडमनं वर्गात उभं केलं तं नुसती उभी राहे. रात्री मी तिच्या उशाशी बसून म्हटलं, बाबा बरे हायेत ना आता, मंग? तिनं पाठ फिरवली.

बुधवारी दुपारी मी वावरात गेली नाई. दीक्षाचे बाबा बाजेवर बसले अन् त्यायनं हाक मारली. "दीक्षे, इकडं ये. मले पानी दे."

थे उंबरठ्यावरच थिजली. माह्याकडं पाहाले लागली.

"आईकडं पाहू नको. आजपासून माहं पानी तू द्याचं. किती द्याचं थे तुले माईत हाये. आईले नाई इचाराचं, मले बी नाई. मी मांगलं तरी जास्त द्याचं नाई. मी रडलो तरी नाई."

माह्या तोंडावर आलं होतं का अवो, लेकराच्या डोक्यावर हे कावून टाकता? मी पदर तोंडात धरला.

दीक्षा उठली. पेटीचं कुलूप मी कवाच काढलं होतं. पेला घेतला. माठात ओगराळं बुडवताना पानी जमिनीवर सांडलं. पेल्यात तिनं जेमतेम दोन घोट ओतलं अन् बापाच्या पुढं धरलं.

त्यायनं पेल्यात पाह्यलं. "एवढंच? अजून माहा हिस्सा बाकी हाये बेटा. लय तहान लागली मले."

"नाई," दीक्षा म्हने. पाचव्या दिवशी पहिला शब्द. "बाकीचं सांजच्याले."

"पन मले आता..."

"सांजच्याले म्हटलं ना बाबा!" थे ओरडली, अन् ओरडता ओरडता तिचं रडू फुटलं, एवढ्या दिवसाचं.

त्यायनं थे दोन घोट पेले, हळूहळू, तिच्या समोर. पेला उलटा करून दाखवला. मंग तिले जवळ ओढलं अन् म्हने, "बरं. सांजच्याले. आता तू पे, भरून."